फॉलोअर अकरा हजार, भाजणी मात्र घरातच

मी सांगलीत घरगुती मसाले, मेतकूट आणि भाजणी करून विकते. इन्स्टाग्रामवर दोन वर्षांत ६४० फॉलोअर जमले होते, बहुतेक सांगली-मिरजेचे, काही पुण्याला सासर असलेल्या आमच्याकडच्या मुली. गेल्या ऑगस्टमध्ये एका 'डिजिटल मार्केटिंग'वाल्याचा फोन आला. अगदी अदबीनं म्हणाला, "ताई, तुमचा माल एक नंबर आहे, पण गिऱ्हाईक आधी आकडा बघतं." हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. पलीकडच्या गल्लीत लोणची करणारीचे आठ हजार होते ना!

तीन महिन्यांचे १८,००० ठरले. त्यातले १२,००० आगाऊ दिले, जीपेवर. बिल "महिनाअखेरीस एकदम". पासवर्ड मागितला, तोही दिला.

नवव्या दिवशी आकडा ११,००० च्या पुढे गेला. मी पेढे आणले, हसा खुशाल. त्याच संध्याकाळी मेतकुटाच्या फोटोखाली कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, "ब्यूटिफुल ड्रेस, डिअर". वाटीभर मेतकूट, वर तुपाची धार, आणि ड्रेस! तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. मी उलट त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दिवाळीच्या भाजणीच्या पोस्टला २३ लाइक आले आणि ऑर्डरी दोन. आदल्या वर्षी त्याच ६४० जणांच्या जोरावर ३५ किलो भाजणी गेली होती. त्या माणसाला विचारलं, तर म्हणे अल्गोरिदम बदललाय, आणखी ६,००० भरा. मी नाही म्हटलं आणि त्यानं मला ब्लॉक केलं.

मग भाच्यानं माझ्या फोनवर इनसाइट्स उघडले. फॉलोअर कुठल्या शहरांतले, ते तिथं दिसतं. जकार्ता, इस्तंबूल, साओ पाउलो. सांगलीचा पत्ताच नाही. "मावशी, जकार्त्याला चकली कुरिअर करणार का?" तो म्हणाला, पोस्ट आधी थोड्या लोकांपुढे जाते. ते थांबले, त्यांनी सेव्ह केली, कुणाला धाडली, तर ती पुढं सरकते. मी बुजगावण्यांपुढे पंगत मांडली होती. ६४० खरी माणसं त्या गर्दीत मागे पडली.

भाच्यानं आधी पासवर्ड बदलला. मग १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन केला, पण तोवर अडीच महिने उलटले होते. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत, म्हणजे लगेच, करायचा असतो तो फोन. माझे १२,००० गेले ते गेलेच.

पासवर्डाचं तर आता नवलच वाटतं. जाहिरात चालवायला तो लागतच नाही, इन्स्टाग्राम ज्या मेटा कंपनीचं आहे, तिच्या बिझनेस सूटमधून जाहिरातीपुरतीच परवानगी देता येते आणि हवी तेव्हा काढूनही घेता येते. आणि असा कुणी दारात आला, तर त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचे इनसाइट्स समोर बसून फोनवर उघडायला लावा. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट मलाही भरपूर दाखवले होते.

आता रोज जेवणं झाली की लेक आणि मी ते खोटे फॉलोअर एकेक करून काढतो. अजून साडेसात हजार आहेत. काल मध्येच मिरजेच्या एका काकूंनी विचारलं, मेतकुटात सुंठ किती घालतेस गं. मी त्यांना बोलूनच पाठवलं, दोन मिनिटांचं. अर्धा किलोची ऑर्डर आली. त्या जुन्या ६४० मधल्याच.