चेरी झिंग्यांना मिठाचे स्नान: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात आमच्या सोलापूरच्या घरातील टाकीत काही चेरी झिंग्यांच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शोभेच्या छोट्या लाल झिंग्यांच्या, डोळ्यांमधल्या टोकदार चोचीवर पांढरे, मिलिमीटरभर लांबीचे दोरे वळवळताना दिसले. आधी मला तो व्हॉर्टिसेला वाटला. पण व्हॉर्टिसेला हा घंटेच्या आकाराचा एकपेशीय जीव असून त्याचा थर कापसाच्या लवेसारखा दिसतो, तर भिंगाखाली येथे प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला दोन स्पर्शिका स्पष्ट होत्या. हा स्क्युटॅरिएला जापोनिका नावाचा चपटा कृमी होता.

तांबे झिंग्यांना घातक असल्याने तांबे असलेली औषधे मी वर्ज्य मानली आणि मिठाचा मार्ग धरला. टाकीच्याच पाव लिटर पाण्यात आयोडीन नसलेल्या खडेमिठाचा एक सपाट मोठा चमचा पूर्ण विरघळवून, त्यात झिंगा जाळीसह तीस सेकंद बुडवायचा आणि लगेच टाकीत सोडायचा. पहिल्याच स्नानात चोचीवरचे कृमी गळून पडले, परंतु साधारण दोन आठवड्यांनी ते पुन्हा दिसले, कारण त्यांची अंडी कवचाखाली कल्ल्यांच्या कप्प्यात असतात व मिठाने ती मरत नाहीत. झिंगा कात टाकतो तेव्हा ही अंडी कातीबरोबर बाहेर येतात आणि कात टाकीतच राहिली तर त्यांतून निघालेली पिल्ले पुन्हा झिंग्यांवर चढतात. झिंगे कात खातात व त्यातून त्यांना चुना मिळतो, म्हणून ती काढायला माझे मन धजत नव्हते. मात्र रोज सकाळी कात उचलू लागल्यावर आणि दर दोन आठवड्यांनी स्नान दिल्यावरच, मार्चअखेरीस, टाकी स्वच्छ झाली.

उन्हाळ्यात मी फार जपलो. सोलापूरच्या मे महिन्यात टाकीचे पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि अशा वेळी थकलेल्या झिंग्याला मिठाचा ताण देणे मला योग्य वाटत नाही. आवश्यक असेल तर पहाटेच, पंख्याने पाणी निववून मगच स्नान द्यावे, आणि नुकतीच कात टाकलेल्या मऊ झिंग्याला ते देऊच नये.

एका झिंग्याच्या पोटाखाली, पोहण्याच्या पायांमध्ये, हिरवे तंतू आले होते. ते क्लॅडोगोनियम हे परजीवी शेवाळ होते. त्यावर मिठाचा काही उपयोग झाला नाही. तो झिंगा वेगळा ठेवूनही वाचला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

आता बाजारातून आणलेला प्रत्येक झिंगा मी महिनाभर वेगळ्या टबात ठेवतो आणि भिंगाने त्याची चोच व पोट पाहिल्यावरच टाकीत सोडतो.