8×42 दुर्बीण आणि सोलापूरचा हिवाळा: एका मोसमाच्या वापरानंतर

सोलापूरकराला सुट्टीच्या दिवशी कुठं जाऊन यावं असं विचारलं, की ठरलेली नावं येतात: तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर. निसर्ग बघायचा म्हटलं की मात्र सगळे महाबळेश्वरची वाट धरतात. कारण आपल्याकडं जे आहे ते सपाट आहे आणि लांब आहे. माळ, काळ्या रानातली ज्वारी, तलावाचं पाणी. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दहा मिनिटांत "चला, काही नाही इथं" असं होतं. दिवाळीच्या आधी 8×42 दुर्बीण घेतली आणि उन्हाळा लागेपर्यंत जवळजवळ दर सुट्टीला ती गळ्यात होती. इतक्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: सोलापुरातून सकाळी निघून रात्री घरी परतायच्या हिवाळी सहलीसाठी कॅमेऱ्याच्याही आधी घ्यावी अशी वस्तू हीच आहे.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण दुकानात गोंधळ तिथंच होतो. 8 म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 नं भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात उतरतो. भर दुपारी याचा फरक जाणवत नाही, पण जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि आपल्याला हवं ते सगळं त्याच्या आगेमागेच घडतं. त्या अर्धवट उजेडात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तिला हा रुंद झोत लागतो. मित्राची 10×42 शेजारी धरून पाहिली. पहाटे तिच्यातलं चित्र काळपट वाटतं आणि हात जास्त हलल्यासारखा वाटतो.

नान्नजला सगळ्यात जास्त वेळा गेलो. बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे घरून चहा पिऊन निघालं तरी उजाडायच्या आत पोचता येतं. तिथलं माळढोक अभयारण्य 1979 चं. पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो: माळढोक दिसेल म्हणून जाऊ नका. हा पक्षी सगळ्या देशातच फार थोडा उरला आहे आणि मलाही तो दिसलेला नाही. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नसल्यानं विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात. ज्या पक्ष्यासाठी हा माळ राखला, तोच तिथं दिसेनासा व्हावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण माळ राखला म्हणून बाकीचं किती वाचलं, हे दुर्बिणीतून पाहिल्यावर कळतं.

काळविटांचंच घ्या. रस्त्यावरून बघितलं तर गवतात तपकिरी ठिपके. दीडशे मीटरवरचा नर दुर्बिणीतून वीस मीटरवर आल्यासारखा दिसतो. शिंगांचे पीळ मोजता येतात. डोळ्याच्या पुढं एक काळी फट असते, ती त्याची ग्रंथी. एका सकाळी एक काळाभोर नर मान खाली घालून वाळलेल्या काडीपाशी आला, ती फट उघडली, त्यानं काडीचं टोक हळूच तिच्यावर घासलं आणि दोन पावलं मागं सरून परत हुंगलं. हद्द आखायची त्याची रीत. हे पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या शहरापासून अर्ध्या तासावर ते बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. आम्ही चौकीवर परवानगी घेऊन, सांगितलेल्या जागीच थांबलो होतो. त्याला आमचा पत्ताही नव्हता.

धाविक नावाचा पक्षी तर दुर्बिणीशिवाय दिसणं अवघडच. मातीचाच रंग. तुरुतुरु पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो. थांबला की जमिनीत विरून जातो. नजरेनं हालचाल पकडायची आणि मग दुर्बीण लावायची, तेव्हा विटकरी डोकं आणि डोळ्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. संध्याकाळी भोवत्ये येतात. गवताच्या टोकांवरून, पंख जरा वर उचलून, तिरके तरंगत जाणारे हे शिकारी पक्षी हिवाळ्यापुरते इकडं उतरतात आणि रात्र झाडावर न काढता गवतातच जमिनीवर काढतात. म्हणून तर गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. तिथं खड्डे काढून झाडं लावली की भोवत्याचं अंथरूण गेलं आणि धाविकाचं अंगणही.

एक अडचण इथली खास आहे. ऊन चढलं की, डिसेंबरातसुद्धा, दहा-साडेदहानंतर जमिनीलगतची हवा तापून हलायला लागते. मग कुठलीही दुर्बीण लावा, लांबचं चित्र पाण्यात पडल्यासारखं थरथरतं. ती भिंगाची खराबी नाही, आणि जास्त ताकदीची दुर्बीण घेतली तर थरथर उलट मोठी होऊन दिसते. माळावर माझा बेत ठरलेला आहे: सकाळी दहापर्यंत बघायचं, मग सावली शोधायची, चारनंतर परत.

मधल्या वेळात हुरडा. पौषाच्या आसपास सोलापूर जिल्ह्यात असाल आणि हुरड्याला गेला नाहीत तर हिवाळा वाया गेला म्हणायचा. गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. गूळभेंडी किंवा सुरतीचा दाणा असेल तर विचारूच नका. दुर्बिणीचा इथं काय संबंध? भोरड्या. मध्य आशियाकडून येणारे हे गुलाबी-काळे पक्षी ज्वारी भरायला लागली की थव्यांनी रानात उतरतात. शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा असतो आणि त्याचा त्रास खरा आहे, ते मान्य केलंच पाहिजे. पण हेच पक्षी टोळ आणि किडेही खातात. संध्याकाळी हिप्परग्याच्या तलावाकडं त्यांचे थवे जमतात, तेव्हा मात्र आधी दुर्बीण खाली ठेवा. अख्खा थवा वळतो, दाटतो, फाटतो आणि परत एक होतो, ते उघड्या डोळ्यांनीच बघायचं. झाडावर टेकल्या की मग दुर्बीण लावा आणि एकेकीचा गुलाबी अंगरखा न्याहाळा. माझ्या दुर्बिणीत हजार मीटरवर सुमारे 130 मीटरचा पट्टा मावतो. उडते पक्षी शोधायला हा रुंदपणा फार कामाला येतो.

उजनीचा पसारा वेगळाच. भीमेवरचं हे धरण 1980 च्या सुमारास पुरं झालं आणि त्याचं पाणी मागं पार भिगवणपर्यंत पसरलं आहे. सोलापुरातून भिगवण दीडशे किलोमीटरच्या आसपास, पुण्याच्या हायवेनं. पहाटे चारला निघावं लागतं, पण एका दिवसात आरामात होतं. लोक नोव्हेंबरात जातात आणि "फ्लेमिंगो कुठंयत?" म्हणून नाराज होऊन येतात. पाऊस चांगला झाला तर तेव्हा धरण काठोकाठ असतं. रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, लागतो उथळ चिखल. रब्बीसाठी पाणी सुटत जातं, पातळी उतरते, काठ उघडे पडतात, मग ते येतात. म्हणून जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ धरा. त्याआधी गेलात तर बदकं भरपूर: तलवार बदक, थापट्या, चक्रवाक. पट्टकदंबही दिसतात. हिमालय ओलांडून येणारे ते हंस, डोक्यामागं दोन काळे पट्टे.

कुंभारगाव किंवा डिकसळला मच्छीमार बांधव होडीतून नेतात. होडी डुलते, आणि तिथं 8 च्या ताकदीचं मोल कळतं. माझ्यासोबत आलेल्या मित्राची 10 ची दुर्बीण होडीत स्थिर राहीना, शेवटी त्यानं माझीच मागून घेतली. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोबाइलवर फोटो यावा म्हणून लोक नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणतात, थवा उठतो, सगळे टाळ्या वाजवतात. ज्या पक्ष्याला दिवसभर चोच उलटी बुडवून चिखलातून बारीक अन्न गाळून खायचं असतं, त्याला दर अर्ध्या तासानं उठवणं हा छळ आहे. दुर्बीण असेल तर लांबूनच पाय थपथपवून चिखल ढवळणं, चोच उलटी करणं, चोचीच्या कडेनं पाणी बाहेर पडणं, सगळं दिसतं. आमच्या नावाड्यालाही पाहायला दिली. रोज त्यांच्यात वावरणारा माणूस, पण पाच मिनिटं त्यानं डोळ्यावरून काढली नाही. परतल्यावर चिलापीचं कालवण आणि भाकरी, ते ओघानं आलंच.

नळदुर्ग पन्नासेक किलोमीटर. हिवाळ्यात हवा छान, गर्दी कमी. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आदिलशाही काळातला, पण नर-मादी धबधबे बघायचे असतील तर पावसाळ्यातच जावं. दुर्बिणीला काम कमी, उपळी बुरुजावरून भोवताल बघण्यापुरतं. हत्तरसंग-कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, 1018 सालचा मराठी शिलालेख आहे आणि 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. तिथं दुर्बिणीचा एक वेगळा उपयोग सापडला. माझी दोन मीटरपर्यंतचं जवळचंही स्पष्ट दाखवते, त्यामुळं मंदिरातलं उंचावरचं कोरीवकाम मान वर करून शांतपणे वाचता येतं. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी अक्षता सोहळ्यात एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून सातही नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसं पाहिली. आईनं त्या दिवशी दुर्बीण माझ्याकडं परतच दिली नाही.

आता तक्रारी. सोबत आलेला पट्टा बारीक होता. दुर्बिणीचं वजन साडेसहाशे ग्रॅमच्या घरात, दुपारपर्यंत मान भरून येते. खांद्यावरून पाठीवर जाणारा वेगळा पट्टा घेतला आणि प्रश्न मिटला, पण तो खर्च आधीच धरावा. पुढच्या भिंगांची रबरी झाकणं सैल आहेत, त्यातलं एक माळावरच कुठंतरी पडलं. दोन डोळ्यांतला फरक जुळवायची उजव्या डोळ्याकडची कडी पिशवीत घासून आपोआप फिरते. मी जुळलेल्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका केलाय. उजेडाच्या आकाशासमोर पांढरा पक्षी बघितला की कडेला जांभळी रेघ दिसते. दहा-बारा हजारांच्या दुर्बिणीत हे चालवून घ्यावं लागतं, महागड्या भिंगांत ते कमी असतं. आणि धूळ. आपल्या मुरमाच्या रस्त्यांची धूळ फोकसच्या चाकाच्या खाचेत बसून फेब्रुवारीत फिरवताना करकर यायला लागली. मऊ ब्रशनं खाच साफ केल्यावर थांबली. भिंगावर धूळ असताना रुमालानं किंवा उपरण्यानं पुसू नका, मुरमाचा कण काचेवर ओरखडा पाडतोच. आधी हवेच्या रबरी पंपानं उडवायची, मग ब्रश, मग भिंगाचं कापड.

आत नायट्रोजन भरलेला आहे, त्यामुळं आतून बाष्प धरत नाही. बाहेरून मात्र धरतं. एसी गाडीतून उजनीच्या काठच्या दमट हवेत उतरलं की दोन मिनिटं काच पांढरी. मी पोचायच्या आधी एसी बंद करून काच खाली घेतो.

घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगात बघा. उजेडाचं वर्तुळ पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडा कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे असं समजा. दुसरं, चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा. डोळा आणि भिंग यांच्यात पंधरा मिलिमीटरच्या वर अंतर सोडणारी असेल तरच पूर्ण चित्र दिसतं. आमच्या काकांना याच कारणानं त्यांची जुनी दुर्बीण सोडावी लागली, माझी मात्र रबरी वाट्या आत ढकलून ते आरामात वापरतात. "100×" लिहिलेल्या आणि झूमच्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका. हातात धरून तेवढी ताकद कुणालाच पेलत नाही.

पावसाळ्यात ती कपाटातल्या चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात, पुड्यांचा रंग बदलला की बदलायच्या. नवीन घेणार असाल तर दसऱ्याच्या सुमारास घ्या. भोरड्या तोवर आलेल्या असतात, त्यामुळं गच्चीवरून सराव होतो. आधी उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्यानं मधलं चाक जुळवायचं, मग डावं झाकून उजव्या डोळ्यानं कडी. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण वर आणायची. हे हाताला बसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि नान्नजच्या पहिल्या थंड सकाळच्या आत ते बसलेलं बरं.