मोशन कंट्रोल शिकायला सुरुवात कुठून करावी: जीआरबीएल, लिनक्ससीएनसी की पीएलसी-सर्व्हो?

'सीएनसी शिकायचंय' असं कुणी म्हणालं की त्यात दोन वेगळी शिक्षणं दडलेली असतात. एक म्हणजे व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर) किंवा टर्निंग सेंटरवर ऑपरेटर आणि पुढे सेटर होणं: फानुक किंवा सीमेन्सच्या पॅनेलवर प्रोग्रॅम घेणं, टूल ऑफसेट काढणं, जॉब लावणं. त्यासाठी आयटीआय आहेत, छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे. तो रस्ता आखलेला आहे. दुसरं शिक्षण पॅनेलच्या मागचं. प्रोग्रॅमची एक ओळ वाचून टेबल नेमकं १०० मिलिमीटर कसं सरकतं, कोपऱ्यावर वेग कोण कमी करतं, मोटर चुकली तर कंट्रोलरला कळतं का? हे ज्यांना समजून घ्यायचंय आणि पहिले पैसे कशात घालावेत हे ठरत नाही, त्यांच्यासाठी ही तुलना.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी छोट्या बोर्डवरच्या जीआरबीएलवर हात बसवावा, त्याच काळात घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्ससीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरलाच मशीनचा कंट्रोलर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सिम्युलेशन चालवावं, आणि सर्व्होला, म्हणजे आपली जागा परत कळवणाऱ्या मोटरला, तिसऱ्या पायरीवर हात घालावा. उलट क्रमाने जाणारे पुष्कळदा पॅरामीटरच्या यादीत अडकतात, कारण कुठला आकडा कशासाठी आहे हे त्यांनी कधी मशीनवर पाहिलेलं नसतं.

जीआरबीएल हे आर्दुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारं मोफत फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर आहे. सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते २००९ मध्ये सुरू केलं. १६ मेगाहर्ट्झची चिप, २ किलोबाइट रॅम, आणि एवढ्यात ते जी-कोड (सीएनसीच्या प्रोग्रॅमची भाषा) वाचतं, पुढच्या पंधरा-सोळा हालचालींचा आधीच विचार करतं आणि तीन अक्षांना सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स देतं, दर पल्सला मोटर एक बारीक पाऊल फिरते. सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळून जातं: ऊनो, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड, मोटरला करंट देणारा ड्रायव्हर आणि स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर. जोडाजोडी नको असेल तर ३०१८ नावाने विकलं जाणारं ३०० बाय १८० मिमीचं छोटं राउटर घ्या. फक्त ड्रायव्हरला सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथेच जातो.

जीआरबीएलची खरी किंमत त्याच्या सेटिंग्जच्या छोट्या यादीत आहे. $१०० मध्ये एक्स अक्षाच्या एका मिलिमीटरला किती पल्स, ते भरायचं. स्टेपर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, ड्रायव्हर १/१६ मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे एका स्टेपचे १६ भाग करत असेल, तर ३,२०० पल्स. टेबल ढकलणारा लीड स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवत असेल तर ३,२०० भागिले ८, म्हणजे ४००. हा आकडा भरायचा, १०० मिमी सरकवायचं आणि मोजायचं. कागदावरचा भागाकार आणि टेबलाची हालचाल जुळलेली पहिल्यांदा दिसते, तिथे हा विषय खरा सुरू होतो.

मग $१२०, म्हणजे ॲक्सिलरेशन. इथे मनापासून वेळ द्या. समजा ते २०० मिमी प्रति सेकंद वर्ग ठेवलंय आणि प्रोग्रॅममध्ये फीड, म्हणजे सरकण्याचा वेग, मिनिटाला ३,००० मिमी दिलाय, म्हणजे सेकंदाला ५० मिमी. शून्यावरून तो वेग गाठायला ६.२५ मिमी लागतात आणि थांबायला तेवढेच. साहजिकच ५ मिमीच्या हालचालीत मशीन ५० ला पोचतच नाही. ३२ च्या आसपास जाऊन परत उतरायला लागतं. भरलेली हातगाडी गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची, तर मधेच थांबवायची तयारी करावी लागते, तसंच हे. 'फीड वाढवला तरी जॉबचा वेळ का कमी होत नाही' हा शॉपफ्लोअरवरचा नेहमीचा प्रश्न यातून सुटतो, आणि तो लाखोंच्या व्हीएमसीलाही तितकाच लागू आहे.

एक प्रयोग जरूर करा. टेबलाला डायल गेज लावून शून्य घ्या, पुढे-मागे पळवणारा छोटा प्रोग्रॅम लिहा आणि ॲक्सिलरेशन थोडं थोडं वाढवत परत शून्यावर आणा. एका टप्प्यावर मोटर गुरगुरेल, स्क्रीन शून्य दाखवेल आणि डायल दाखवणार नाही. वर सांगितलेल्या स्क्रूवर हा फरक साधारण ०.१६ मिमीच्या पटीत येतो, कारण घसरलेला रोटर चार पूर्ण स्टेप सोडूनच पुन्हा पकड घेतो. बॅकलॅशची, म्हणजे स्क्रू आणि नटमधल्या ढिलाईची, चूक अशी साठत जात नाही. दिशा बदलली की ती येते आणि तेवढीच राहते. या दोन चुका डायलवर ओळखता आल्या की निम्मं ट्रबलशूटिंग हाताशी आलं.

जीआरबीएलच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ड्रिलिंगचं जी८१ सायकल नाही, जी४१-जी४२ची कटर कॉम्पेन्सेशन (टूलच्या त्रिज्येची भरपाई) नाही, प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबल नाहीत. आणि स्टेप सुटली हे त्याला कळत नाही, कारण मोटरकडून परत काही येतच नाही.

लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत, १९९० च्या दशकातल्या ईएमसी नावाच्या प्रकल्पात आहे. तेही मोफत आहे आणि वरच्यापैकी प्रोग्रॅमिंगच्या उणिवा भरून काढतं. शिवाय स्पिंडलला एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) लावला की लेथवर जी३३ आणि जी७६ने आटे पाडता येतात. शिकणाऱ्यासाठी त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एचएएल, म्हणजे सिग्नलची सॉफ्टवेअरमधली जोडणी. मशीनचा प्रत्येक सिग्नल, लिमिट स्विचपासून वेगाच्या आकड्यापर्यंत, एका पिनसारखा समोर येतो. तो कुठल्याही दुसऱ्या पिनला जोडता येतो आणि हॅलस्कोपवर त्याचा आलेख बघता येतो. ॲक्सिलरेशनचा ट्रॅपेझॉइड (वेग चढतो, स्थिर राहतो, उतरतो असा आलेख) पुस्तकात बघणं आणि स्वतःच्याच प्रोग्रॅमचा तिथे उमटलेला बघणं यात फार फरक आहे. हे सिम्युलेशनमध्येही होतं. मशीन नसलं तरी चालतं, खर्च शून्य.

खऱ्या मशीनला जोडायचं म्हटलं की मात्र कॉम्प्युटरची परीक्षा होते. आधी कॉम्प्युटर वेळ किती नेमकी पाळतो हे मोजणारी लेटन्सी टेस्ट तासभर चालवा आणि तेवढ्या वेळात कॉम्प्युटरवर मुद्दाम व्हिडिओ, फाइल कॉपी असा भार टाका. कमाल जिटर, म्हणजे वेळेतली चूक, २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर असेल तर त्या कॉम्प्युटरने पॅरलल पोर्टवरून पल्स देण्याचा नाद सोडा. लॅपटॉप यात बहुधा नापास होतात. चकित करणारी गोष्ट अशी की दर ५० मायक्रोसेकंदांनी एकदा काम करणाऱ्या थ्रेडवर अख्खा डेस्कटॉप सेकंदाला फार तर २०,००० पल्स देतो, ऊनोपेक्षा कमी. म्हणूनच पुढे जाणारे मेसा कंपनीचं कंट्रोल कार्ड घेतात, मग पल्स कार्डच बनवतं. आणि एन्कोडर नसेल तर सुटलेली स्टेप लिनक्ससीएनसीलाही दिसत नाही. एन्कोडर असेल तर हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांतलं अंतर वाढताच ते 'फॉलोइंग एरर' देऊन मशीन थांबवतं.

पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) आणि सर्व्होचं जग वेगळं आहे. भोसरी-चाकणमधली एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली स्पेशल पर्पज मशीन), पॅकेजिंग मशीन, पिक-अँड-प्लेस अशी कामं इथली. जी-कोड जवळजवळ नसतो. पीएलसीओपन या संस्थेने ठरवून दिलेले एमसी-पॉवर, एमसी-होम, एमसी-मूव्ह-ॲब्सोल्यूट असे ब्लॉक लावत जायचं. नोकरी लवकर हवी असेल तर याची मागणी जवळ दिसते, हे खरं. पण ड्राइव्हला २३० व्होल्ट असतात, गेन (चूक किती जोराने दुरुस्त करायची तो आकडा) चुकला तर अक्ष थरथरतो किंवा जोरात धावतो, आणि हे घरच्या टेबलावर एकट्याने शिकायचं काम नाही. ट्रेनर किट असलेली लॅब किंवा जाणता वरिष्ठ असेल तरच हात घाला. तोपर्यंत कोडेसिस या पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरच्या सिम्युलेशनमध्ये ब्लॉकची सवय होते, तेवढं पुरे.

तिन्हींना एक अट सारखीच. इमर्जन्सी स्विचने मोटरची पॉवर थेट तोडली पाहिजे, सॉफ्टवेअरला विनंती करून नव्हे.

आता निवड. शाळा-कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी, बजेट साध्या मोबाइलएवढं: जीआरबीएल, दुसरा विचार नको. मूळ जीआरबीएलची नवी आवृत्ती २०१९ नंतर आलेली नाही, त्यामुळे नवीन बोर्ड घेत असाल तर ईएसपी३२ या चिपवर चालणारं फ्लुइडएनसी बघा, शिक्षण तेच राहतं. मेंटेनन्समध्ये नोकरी करणाऱ्याने, कंपनीत सर्व्हो रोज समोर असल्याने, पीएलसीकडे आधी वळायला हरकत नाही, मात्र ॲक्सिलरेशनचं गणित स्टेपरवर एकदा करून मगच. आणि कोल्हापूर-इचलकरंजीकडे ज्यांच्या शेडमध्ये चांगल्या बेडचा जुना लेथ किंवा मिलिंग उभं आहे, त्यांनी लिनक्ससीएनसीच घ्यावं. आधी महिनाभर सिम्युलेशन, मग एकच अक्ष, बॉलस्क्रू आणि एन्कोडरसकट. त्या अक्षावर डायल सलग बरोबर येईपर्यंत दुसऱ्या अक्षाची मोटर विकत घेऊ नका.