नॅक्सोस की मिलोस? दोघांच्या निवांत सुट्टीसाठी

ग्रीसच्या सिक्लाडीझ बेटांवर दोघांनी आठवडाभर समुद्रकाठी नुसते लोळायचे ठरवले असेल, तर सँटोरिनीचा मोह आधी बाजूला ठेवावा. तिथला सूर्यास्त देखणा खरा, पण पोहण्याचे किनारे काळ्या-तांबड्या खड्यांचे आहेत आणि हंगामात क्रूझ जहाजांमधून लोंढे उतरतात. खरी निवड उरते ती नॅक्सोस आणि मिलोस यांच्यात.

नुसत्या देखणेपणात मिलोस निर्विवाद सरस आहे. ज्वालामुखीतून घडलेल्या या बेटावर साराकिनिकोचे पांढरेशुभ्र, लाटा-वाऱ्याने गुळगुळीत केलेले खडक आहेत, फिरिप्लाकाचे रंगीत कडे आहेत आणि क्लेफ्टिकोच्या सागरी गुहा आहेत, जिथे बहुतेक जण बोटीनेच जातात. मात्र यांतल्या एकेका जागेसाठी काहीतरी खटाटोप करावाच लागतो. त्सिग्रादोला उतरायचे म्हणजे कड्यातल्या अरुंद फटीतून, दोराला धरून, शेवटी लाकडी शिडीवर पाय टाकत खाली जायचे, आणि वर येताना ओल्या अंगाने तेच उलट करायचे. साराकिनिकोला सावली नाही. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटला की उत्तर किनारा सोडून दक्षिणेकडे जावे लागते. त्यामुळे आज कुठे जायचे हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो आणि त्याचे उत्तर भाड्याच्या गाडीशिवाय मिळत नाही. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघतानाच काढून न्यावा.

नॅक्सोसवर हा प्रश्न पडत नाही. आयिओस प्रोकोपिओस, आयिया आन्ना आणि प्लाका हे वाळूचे किनारे पश्चिमेला एकापाठोपाठ एक पसरलेले आहेत, होरा या मुख्य गावातून तिथे बस जाते, आणि प्रोकोपिओसची वाळू इतकी भरड आहे की पोहून आल्यावर ती अंगाला फारशी चिकटत नाही. मेल्तेमी इथेही वाहतो. प्रोकोपिओस त्यातल्या त्यात आडोशाचा, तर मिक्री व्हिग्ला विंडसर्फिंगवाल्यांच्या आवडीचा. वाळूचा कंटाळा आलाच, तर सुमारे 1,000 मीटर उंचीच्या झास पर्वताच्या परिसरातले, संगमरवरी गल्ल्यांचे आपिरांथोस गाव एका दिवसात पाहून होते.

जेवणातही मला नॅक्सोस उजवे वाटते, कारण हे शेतीचे बेट आहे: इथले बटाटे आणि ग्राविएरा चीज ग्रीसभर नावाजलेले आहे. शाकाहारी जोडप्याचे दोन्हीकडे भागते, फक्त गेमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरच्या, मागवताना त्यात खिमा नाही ना हे विचारून घ्यावे. मिलोसची चीज भरलेली पितराकिया मात्र चुकवू नये.

दोन्ही बेटांना पिरेअस बंदरातून फेरी आणि अथेन्सहून छोटी विमाने आहेत, तेव्हा प्रवासाच्या मुद्द्यावर निवड अडत नाही. भटकल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशा जोडप्याने मिलोस घ्यावे आणि अदामास किंवा पोलोनियाला मुक्काम करावा. बाकीच्यांनी सप्टेंबरमध्ये, समुद्र अजून कोमट आणि वारा सहसा मवाळ असताना, आयिया आन्नाला खोली घ्यावी. तिथून प्लाकाची वाळू चालत गाठता येते.