पगार बँकॉकचा, खर्च इसानचा: इंग्रजी शिकवण्याच्या परदेशी नोकरीत झालेली फसवणूक

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणून चौकशी सुरू केली की कुठला ना कुठला एजंट एक तक्ता पाठवतोच. डावीकडे देशांची नावं, पुढे महिन्याचा पगार, त्यापुढे राहण्याखाण्याचा खर्च आणि शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘शिल्लक’. माझी फसवणूक त्या तक्त्यापासून सुरू झाली. तो अजून फिरतो आहे, फक्त एजन्सीचं नाव बदललं आहे. म्हणून त्यात नेमकं काय दडवलेलं असतं ते सविस्तर लिहिते आहे.

थायलंडच्या ओळीत लिहिलं होतं: पगार ३५,००० बाट, खर्च १५,००० बाट, शिल्लक २०,००० बाट. यातला एकही आकडा हवेतला नव्हता, आणि तीच त्यांची हुशारी. बँकॉकमध्ये ३५,००० बाट मिळवणारे इंग्रजीचे शिक्षक आहेत. १५,००० बाटमध्ये महिना काढणारेही आहेत, पण ते खोन केन किंवा उदोन थानीसारख्या, देशाच्या ईशान्येकडच्या इसान भागातल्या शहरांत, जिथे खोलीचं भाडं राजधानीच्या मानाने बरंच कमी असतं. पगार एका ठिकाणचा, खर्च दुसऱ्या ठिकाणचा, आणि वजाबाकी एकाच ओळीत. दोन्ही आकडे वेगवेगळे तपासले तर खरेच निघतात. मी तपासले होते.

शिवाय तो पगार कुणाचा, हा प्रश्न राहतोच. थायलंडमधल्या कित्येक शाळा आणि एजन्सी ‘नेटिव्ह स्पीकर’ (इंग्रजी मातृभाषा असलेले) आणि बाकीचे असे दोन दर उघडपणे ठेवतात. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा पासपोर्ट असेल तर एक दर, नसेल तर दुसरा. फिलिपीन्सहून आलेले शिक्षक तेच वर्ग, तीच पुस्तकं, तेवढेच तास घेतात आणि कितीतरी कमी पगारावर राबतात. तक्त्यात फक्त वरचा दर होता. मला तो दर मिळणार नाही हे एजंटला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण माझा पासपोर्ट त्याच्याकडेच होता.

त्याच तक्त्यात दक्षिण कोरियाची ओळ होती, थायलंडपेक्षा दुप्पट शिल्लक दाखवणारी. कोरियातला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमध्येही इंग्रजी शिकवण्याच्या परवान्यासाठी साधारण अशाच देशांचा पासपोर्ट मागतात. मग या ओळी मला कशाला दाखवल्या? त्या वाचून थायलंडची ओळ माफक आणि म्हणून खरी वाटावी यासाठी. “कोरियाला स्पर्धा फार आहे, थायलंड तुमच्यासाठी सुरक्षित,” असं एजंट म्हणाला, आणि त्या बोलण्यात काळजी असल्यासारखं वाटत होतं. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

फी १,२०० डॉलर होती. त्यात १२० तासांचा टीईएफएलचा, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा, ऑनलाइन कोर्स आणि ‘नोकरीची हमी’. कोर्स काही शनिवार-रविवारांत संपला, सर्टिफिकेट आलं. हमीचा अर्थ मात्र करारात बारीक अक्षरांत असा होता की एजन्सी मुलाखती ‘मिळवून देण्याचा प्रयत्न’ करेल. खरी शाळा आपल्या शिक्षकाकडून नोकरीसाठी फी घेत नाही. तिला शिक्षक हवा असतो, म्हणून पैसे द्यायचे तर ती एजन्सीला देते. आमची एजन्सी दोन्ही बाजूंनी घेत होती: माझ्याकडून फी, आणि शाळेकडून दर महिन्याला माझ्या नावावर येणाऱ्या रकमेतला मोठा हिस्सा.

पुढची पायरी व्हिसाची. नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो आणि त्यावर वेगळं वर्क परमिट. एजंटने सांगितलं, “टूरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून घेऊ.” हे अर्धं खरं आहे. सगळी कागदपत्रं तयार असतील आणि मुक्कामाचे पुरेसे दिवस शिल्लक असतील तर देशात राहून बी व्हिसा मिळू शकतो. जे सांगितलं नाही ते असं की वर्क परमिट हातात येईपर्यंत वर्गात उभं राहणंसुद्धा बेकायदा आहे. मला पहिल्याच आठवड्यात वर्गावर पाठवलं. थायलंडच्या कायद्यात परमिटशिवाय काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही, अशी शिक्षा आहे. मालकालाही माणशी १०,००० ते १,००,००० बाट दंड आहे, म्हणजे गुन्हा दोघांचा. पण एजन्सीने तो आमच्यावर धाक म्हणून वापरला. पगाराबद्दल कुणी आवाज चढवला की उत्तर ठरलेलं: “इमिग्रेशनला कळलं तर तुमचं काय होईल?” बेकायदा स्थितीत आणायचं त्यांनीच आणि मग तिचीच भीती दाखवायची, ही त्यांची ठरलेली पद्धत होती.

आता करार. दोन भाषांत होता, आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती की मतभेद झाल्यास थाई मजकूर ग्राह्य. इंग्रजी मजकुरात ‘एकूण ३५,००० बाटपर्यंत’. थाई मजकुरात मूळ पगार २५,००० आणि १०,००० ‘भत्ता’. तो भत्ता वर्क परमिट मिळाल्यावर, एकही रजा न घेता पूर्ण सत्र शिकवल्यावर, शाळेचा शेरा चांगला आल्यावर. यातलं परमिट काढणं एजन्सीच्या हातात आणि शेरा शाळेच्या हातात. माझ्यासोबतच्या शिक्षकांपैकी कुणालाही तो भत्ता मिळाल्याचं मी पाहिलं नाही.

आणि वर्षाचे महिने? थायलंडमधल्या शाळांचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, मध्ये ऑक्टोबरची सुट्टी. शाळेने थेट नेमलेल्या शिक्षकाला अनेकदा बाराही महिने पगार मिळतो. एजन्सीचे करार बहुतेक दहा महिन्यांचे असतात. भाडं मात्र बारा महिने भरावं लागतं, आणि माणूस बारा महिने जेवतो. तक्त्यात ‘महिन्याला’ हा शब्द होता, ‘वर्षाला’ कुठेच नव्हता. पगारांची तुलना महिन्यावर करायला लावणं हीच मुळात फसवणुकीची जागा आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

माझा खरा हिशोब मांडते. शाळा बँकॉकच्या पूर्वेला, मिन बुरीच्या बाजूला. खोलीचं भाडं ८,५०० बाट. वीज आणि पाणी मिळून २,०००, कारण घरमालक मीटरवर सरकारी दर न लावता स्वतःचा दर लावत होता, युनिटला ८ बाट. अनेक इमारतींत असंच चालतं, आणि त्या उकाड्यात एसी बंद ठेवून झोप लागत नाही. जाण्यायेण्याचे २,५००, जेवणाचे ६,०००, फोनचे ५००, आणि औषधपाणी, वर्गासाठी लागणारं साहित्य असं धरून महिना २०,००० च्या आसपास. वर्षाचे २,४०,०००. हातात येणार होते २५,००० गुणिले दहा, म्हणजे २,५०,०००. वर्षाची शिल्लक १०,००० बाट. तक्त्याप्रमाणे ती २,४०,००० व्हायला हवी होती.

त्या १०,००० मधून अजून किती गोष्टी वजा व्हायच्या होत्या! खोलीत शिरतानाच दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, म्हणजे पहिला पगार येण्याआधी २५,५०० बाट. कागदपत्रांचं प्रमाणीकरण, त्यांची भाषांतरं, वैद्यकीय तपासणी. कागद वेळेत न झाल्यामुळे सीमेपलीकडे जाऊन परत येण्याचा खर्च, आणि त्यात चूक झाली तर मुदतीपेक्षा जास्त राहिल्याबद्दल दिवसाला ५०० बाट दंड, जो २०,००० पर्यंत चढतो. नोकरीला रीतसर ठेवलं असतं तर सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली गेली असती, तेव्हा महिन्याला जास्तीत जास्त ७५० बाट, आणि त्या बदल्यात नेमून दिलेल्या हॉस्पिटलात उपचार मिळाले असते. एजन्सीने ते न करता ३ टक्के कर कापला. म्हणजे कागदावर मी कर्मचारी नव्हतेच, बाहेरून काम घेणारी कंत्राटदार होते. ताप आला तर खर्च माझा.

दुसऱ्या देशांत शिकवणाऱ्यांशी पुढे बोलणं होत गेलं तसं लक्षात आलं की प्रत्येक देशाच्या तक्त्यात दडवायची जागा वेगळी असते. कोरियात खोली बहुधा मालक देतो आणि वर्ष पूर्ण केलं की एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम कायद्याने मिळते. तिथे बघायचं ते हे की अकराव्या महिन्यात काढून टाकण्याची त्या मालकाची सवय आहे का, कारण तसं करणारे खासगी क्लास तिथे बदनाम आहेत. जपानमध्ये घर घेताना डिपॉझिटशिवाय घरमालकाला परत न मिळणारी ‘रेइकिन’ द्यावी लागू शकते, ती खर्चाच्या रकान्यात कधीच नसते. तिथे तर २००७ मध्ये नोव्हा ही इंग्रजी शिकवणारी सगळ्यात मोठी साखळी बुडाली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले, काहींची घरंही कंपनीमार्फत होती म्हणून राहण्याची पंचाईत झाली. मोठं नाव आहे म्हणून पगार सुरक्षित, असं धरून चालू नये. चीनमध्ये बिझनेस किंवा टूरिस्ट व्हिसावर शिकवताना सापडलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. शिवाय २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या, नफ्यासाठी चालवल्या जाणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली आणि कितीतरी क्लास बंद पडले. त्याआधीचे पगाराचे आकडे अजूनही तक्त्यांतून दाखवले जातात.

आखातातली चलाखी मला सगळ्यात पद्धतशीर वाटली. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही हे खरं. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीही मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार. पण ती मोजतात मूळ पगारावर. म्हणून काही ठिकाणी मूळ पगार अगदी लहान ठेवून बाकी सगळं घरभाडं, प्रवास अशा भत्त्यांत टाकतात. तक्त्यात एकूण रक्कम दिसते, निघताना हिशोब लहान आकड्यावर होतो.

म्हणून कुणी तक्ता पाठवला तर त्यातली शिल्लक बघत बसू नका. करार मागा, तोही तिथल्या भाषेतला, आणि तो एजंटशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. वर्षाचे किती महिने पगार, मूळ पगार किती, भत्ता कोणत्या अटीवर, नियुक्ती शाळेची की एजन्सीची, शाळा कुठल्या भागात आणि वर्क परमिट कुणाच्या नावाने काढणार, हे लेखी विचारा. माझ्या एजंटला यातले प्रश्न मी विचारले होते. तो प्रत्येक वेळी फोन करायचा, उत्साहाने बोलायचा, लेखी मात्र एक ओळ द्यायचा नाही. आधीपासून तिथे शिकवणाऱ्या, तुमच्याच पासपोर्टवर गेलेल्या शिक्षकाशी बोलायला मिळावं अशी मागणी करा. त्यालाच एजन्सी सगळ्यात जास्त घाबरते. मला बोलायला दिलेली शिक्षिका ब्रिटिश होती, आणि तिने सांगितलेलं सगळं तिच्यापुरतं खरं होतं.

राहिला पैशाचा विषय. एजन्सीने आमच्या पगारातून सुरुवातीचे काही महिने ५,००० बाट ‘हमी रक्कम’ म्हणून कापले, करार पूर्ण केल्यावर परत देऊ असं सांगून. थायलंडच्या कामगार संरक्षण कायद्याच्या कलम १० प्रमाणे, पैसे किंवा मालमत्ता सांभाळण्याचं काम असेल तरच मालक अशी रक्कम मागू शकतो. शिक्षक त्यात बसत नाही. हे आम्हाला एका थाई सहशिक्षिकेने सांगितलं. कामगार निरीक्षकाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत आणि त्याने ६० दिवसांत आदेश द्यायचा असतो. थकलेल्या वेतनावर वर्षाला १५ टक्के व्याजही लागतं.

आमच्यातल्या ज्याचं वर्क परमिट झालं होतं त्याने तक्रार केली आणि कापलेली रक्कम परत मिळवली. बाकीचे परमिट नसल्याच्या भीतीने पुढे आले नाहीत, आणि एजन्सीचा सगळा हिशोब त्या भीतीवरच चालला होता. माझे कोर्सचे पैसे बुडाले. ज्याला रक्कम मिळाली त्याच्याकडे बँकेत आलेल्या प्रत्येक पगाराची नोंद होती, वर्गाच्या वेळापत्रकाचे फोटो होते आणि ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवरचे एजंटचे सगळे मेसेज त्याने तारखांसकट दुसरीकडे साठवून ठेवले होते. आम्हा बाकीच्यांचा पत्रव्यवहार एजन्सीने दिलेल्या ईमेलवर होता, आणि आम्ही पगाराबद्दल एकत्र विचारणा केली त्याच आठवड्यात ती खाती बंद झाली. तेव्हा पहिल्या चौकशीपासून सगळं स्वतःच्या ईमेलवरूनच करा.