पाटे कुईकुई करायलेत: स्प्रे मारू, पाटे खोलू की बुशच बदलू?

परवा मोहोळहून मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, पिकअप मागनं लय कुईकुई करायलीय, गॅरेजवाला म्हणतोय सगळे बुश टाका, टाकू का?" मी म्हटलं थांब जरा, आवाज कुठनं येतोय ते बघितलंस का? तर नाही बघितलं. बऱ्याच जणांचं असंच होतं. आवाज पाट्यांचा, म्हणजे मागच्या चाकांवरच्या एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा असतो आणि खर्च बुशवर, म्हणजे त्या स्प्रिंगच्या टोकांना बोल्टभोवती बसणाऱ्या रबरी गादीवर होतो, मग बुश नवे आणि कुईकुई जुनीच. माझी स्वतःची पिकअप मार्केट यार्डात कांदा ओढते, तिच्यावर हे सगळे प्रकार करून झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आवाजात फरक आहे बघा. कुईकुई, चुंचुं असा बारीक आवाज म्हणजे बहुतेक वेळा पाट्यावर पाटा कोरडा घासतोय, किंवा बुशचं रबर सुकलंय. गतिरोधकावर नाहीतर ब्रेक मारताना खट्ट, धप्प असं वाजलं तर बुशमध्ये ढिलाई आलीय, शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) खेळतंय किंवा यू बोल्ट (पाटे ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला आवळणारे) सैल झालेत. दुसरा प्रकार जास्त सिरीयस.

नक्की जागा शोधायला एक रुपया लागत नाही. गाडी सपाट जागेवर लावा, एकानं मागचा फाळका धरून गाडी वरखाली दाबायची, दुसऱ्यानं खाली कान देऊन बसायचं. पाण्याच्या बाटलीच्या बुचाला खिळ्यानं भोक पाडा आणि एकेका जागी पिचकारी मारत चला, आधी पाट्यांची टोकं, मग पुढचा बुश, मग मागच्या शॅकलचा खालचा आणि वरचा. जिथं पाणी पडल्यावर आवाज दोन मिनिटं गप्प होतो ती जागा. सगळीकडं एकदम पाणी ओतू नका, काहीच कळणार नाही. नंतर टॉमी (उचकायची लोखंडी पहार) घेऊन शॅकलपाशी जरा उचकून बघा. रबर थोडं दबतं, दबायलाच पाहिजे, पण लोखंडावर लोखंड टक्क वाजलं किंवा बोल्ट भोकाच्या मधोमध न राहता एका कडेला टेकलेला दिसला तर तो बुश संपला.

आता पहिला पर्याय, स्प्रे. सगळ्यात स्वस्त, दहा मिनिटांचं काम, आणि तितकाच अल्पजीवी. आपल्याकडं जुनी पद्धत म्हणजे पावसाळ्याआधी जळकं ऑइल नाहीतर डिझेल ब्रशनं पाट्यांवर मारायचं. आवाज जातो खरा, पण ओल्या तेलावर आपली धूळ अशी चिकटते की आठ-दहा दिवसांत पाट्यांच्या मधे चिखलाची पॉलिशपेपरसारखी पेस्ट तयार होते आणि तीच पाटे झिजवते. शिवाय ते ओघळून रबरी बुशवर गेलं की रबर फुगतं, मऊ पडतं. डब्ल्यूडी-४० जाम बोल्ट सोडवायला ठीक, पण पाट्यांवर ते टिकत नाही. मारायचंच असेल तर रबरावर सिलिकॉन स्प्रे आणि पाट्यांवर सुकल्यावर कोरडा थर राहतो तो ग्रॅफाइटचा किंवा मोलीचा (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा) स्प्रे. गाडी महिन्यातनं चार वेळा शेतात जाते आणि बाकी उभी असते, अशांना एवढ्यावर भागतं.

दुसरा पर्याय, पाटे खोलून साफ करायचे. पाण्याची पिचकारी पाट्यांच्या टोकावर मारल्यावर आवाज थांबला असेल तर माझं मत हेच. आपली काळी माती पावसात पाट्यांच्या मधे शिरते आणि उन्हाळ्यात ४० च्या वर पारा गेला की तिथंच वीट होऊन बसते, ती वरनं स्प्रे मारून निघत नाही. त्यात बऱ्याच पाट्यांच्या टोकाला प्लास्टिकचे किंवा रबरी पॅड असतात, ते झिजून गळून गेलेले असतात आणि मालकाला पत्ताच नसतो. पॅड नवे टाका, पाटे वायर ब्रशनं घासा, मधे ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात फिरवा. पातळच. पाट्यांचं एकमेकांवर घासणं पूर्ण वाईट नाही, त्यानंच गाडीचं उसळणं थोडं आवरतं, सगळं गुळगुळीत केलं तर तो भार शॉकॲब्सरवर जातो.

पण हे काम घरी करायच्या नादात सेंटर बोल्ट, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट, नुसता पान्यानं सोडू नका. पाटे दाबून धरलेले असतात, बोल्टच्या दोन्ही बाजूला जाड सी क्लॅम्प लावायचे, मगच बोल्ट सोडायचा आणि क्लॅम्प हळूहळू ढिले करायचे. नाहीतर पाटा सुटून तोंडावर येतो. खोललेच आहेत तर सेंटर बोल्टच्या भोकापाशी चीर आहे का बघून घ्या, पाटा मोडतो तो बहुतेक तिथंच. सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवेच टाका, एकदा ताणलेला यू बोल्ट परत तसा पकडत नाही. ५०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा टाईट करून घ्यायचे, हे मात्र सगळे विसरतात. सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरनं सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

आता बुश. मागच्या एका बाजूच्या पाट्यांना मिळून साधारण तीन, एक पुढं, एक मागं पाट्याच्या टोकाला आणि एक शॅकलच्या वर चेसिसमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूचे मिळून सहा. एकच गेला असला तरी दोन्ही बाजूची जोडी बदला. बुशची किंमत फार नसते, मजुरी जास्त जाते, कारण बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटलेला असतो आणि कधीकधी कापूनच काढावा लागतो. इथं एक लक्षात ठेवा, कोणी जुना बुश काढायला पाटा गॅसनं लाल करायला लागला तर हात धरा. स्प्रिंगचं लोखंड तापवलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा आणि लवचिकपणा जातो. प्रेसवर दाबून काढायचा, किंवा बाहेरचं कवच हॅक्सॉनं चिरून.

रबर घ्यायचे की पीयू, ह्यावर पोरं तासभर भांडतात. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक, तेलाला दाद देत नाही, टिकतो जास्त, वळणावर गाडी जरा घट्ट वाटते. पण महाग, खड्ड्याचा गचका जास्त केबिनमध्ये येतो, आणि गंमत म्हणजे सिलिकॉन ग्रीस न लावता बसवला किंवा ते ग्रीस नंतर निघून गेलं तर पीयूच कुईकुई करायला लागतो. म्हणजे ज्या रोगाला गेलो तोच परत. हौसेनं गाडी ऑफरोडला नेणाऱ्यानं पीयू टाकावा, दर थोड्या महिन्यांनी ग्रीस करायची तयारी असेल तर. रोज अक्कलकोट रोडला माल मारणाऱ्यानं चांगल्या कंपनीचा रबर टाकावा आणि विसरून जावं.

माझा पहिला अनुभव सांगतो. तेव्हा मी रबरीच टाकले होते आणि पाच महिन्यांत फाटले. मी बुश देणाऱ्याला शिव्या घातल्या, खोलून बघितलं तर रबर कडक भाकरी चुरावी तसं हातात चुरा होऊन आलं, आतली नळी कडेला सरकलेली. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं विचारलं, बोल्ट टाईट करताना गाडी कुठं होती? गाडी जॅकवर होती, चाकं हवेत लोंबकळत. तिथंच चुकलं होतं. रबरी बुश फिरत नाही, आतली नळी बोल्टानं जखडलेली, बाहेरचं कवच पाट्यात घट्ट, मधलं रबर फक्त पिळतं. चाकं हवेत असताना टाईट केलं तर गाडी खाली ठेवल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, आणि वर माल भरला की आणखी पिळतं. म्हणून बोल्ट आधी नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा हलवायची आणि मग फायनल टाईट. गॅरेजमध्ये ह्या वेळेला चहा प्यायला जाऊ नका, शेजारी उभे राहा.

मेव्हण्यानं काल बाटलीचा प्रयोग केला. उजव्या बाजूच्या पाट्यांच्या टोकावर पाणी पडलं की आवाज बंद, आणि फोटो पाठवला त्यात दोन पॅड जागेवरच नाहीत. टॉमी लावून बघितली तर बुश सगळे टाईट. रविवारी पाटे खोलतोय, सी क्लॅम्प माझ्याकडनं नेणार आहे. गॅरेजवाल्याला काय सांगायचं म्हणून विचारत होता, मी म्हटलं सांग दाजी नको म्हणाले.