घरून काम करताय? स्टँड, मोठा मॉनिटर की महागडी खुर्ची, पैसे आधी कशात घालायचे

नाशिकमध्ये राहून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करणारे आता प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी सापडतात, आणि मान आखडली किंवा पाठ धरली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, खुर्ची कोणती घेऊ? माझं मत आधीच सांगून टाकते, खुर्ची दुसऱ्या नंबरवर. पहिले पैसे स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांपासून वेगळे करण्यात घाला. हातात दीड हजार असोत की वीस हजार, क्रम हाच ठेवा.

कारण साधं आहे. लॅपटॉपला स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान खाली जाते आणि मान नीट ठेवायला लॅपटॉप वर उचलला तर हात आणि खांदे वर चढतात, दोन्ही एकदम बरोबर बसतच नाही. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, सरळ असताना ते मणक्यावर तोललेलं राहतं पण पुढे झुकलं की मानेमागचे स्नायू ते ओढून धरतात, तेही रोज आठ-नऊ तास. खुर्ची कितीही भारी आणा, समोर टेबलावर नुसता लॅपटॉप असेल तर मान वाकणारच ना.

आता पहिला पर्याय, स्टँड आणि बाहेरचा कीबोर्ड-माऊस. सगळं मिळून साधारण दीड-दोन हजारात होतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आली पाहिजे. स्टँड नाही तर सध्या जुने दिवाळी अंक रचून ठेवा, काही बिघडत नाही, फक्त लॅपटॉपच्या खालची हवेची जाळी झाकली जाऊ देऊ नका. कीबोर्ड असा ठेवा की कोपर अंगाजवळ राहील आणि मनगट सरळ. कीबोर्डच्या मागचे ते छोटे पाय बरेच जण उघडतात, ते मिटलेलेच बरे, कारण ते उघडले की मनगट वरच्या बाजूला मोडतं. आणि एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, टॅली किंवा हिशोबाचं काम नसेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीशिवायचा छोटा कीबोर्ड घ्या, त्या पट्टीमुळे माऊस लांब जातो आणि दिवसभर हात बाहेर ताणून उजवा खांदा दुखायला लागतो. टॅलीवाल्यांना मात्र ती पट्टी लागतेच, त्यांनी निदान माऊस तिला चिकटून ठेवावा.

या पर्यायाची कमी म्हणजे स्क्रीन लहानच राहते. चौदा इंचावर एक्सेल वाचायला माणूस नकळत पुढे सरकतो आणि मान परत पुढे. अक्षरं १२५ टक्के करून बघा, बऱ्याच जणांचं तेवढ्यात भागतं.

नाही भागलं तर दुसरा पर्याय, २२ किंवा २४ इंची मॉनिटर. साधारण आठ-दहा हजार धरा. रोज सहा-सात तास काम असेल, शीट्स, कोडिंग, डिझाईन असं काही असेल तर माझ्या मते हा खर्च खुर्चीच्या आधीचा. पण स्वस्त मॉनिटरचं स्टँड फक्त पुढे-मागे कलतं, वर-खाली होत नाही, त्यामुळे खाली खोकं किंवा लाकडी ठोकळा लागणार हे धरूनच चाला. अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटर. खिडकी पाठीमागे नको आणि समोरही नको, बाजूला हवी, विशेषतः पश्चिमेची खोली असेल तर, कारण एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर इतकं ऊन येतं की स्क्रीनवर काही दिसत नाही आणि माणूस मान वाकडी करून बघत बसतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांनी मॉनिटर इतरांपेक्षा खालीच ठेवावा, त्या चष्म्यातून जवळचं खालच्या भागातून दिसतं, स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून बसावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. लॅपटॉपचीही स्क्रीन शेजारी उघडी ठेवत असाल तर जी जास्त बघता ती नाकासमोर, दुसरी बाजूला.

काही जण म्हणतात मग डेस्कटॉपच घेऊ की. घ्या, बसायच्या दृष्टीने तो उत्तमच, पण पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा यूपीएस लागतो आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. रोज मीटिंगा असणाऱ्याला मी तरी लॅपटॉपला मॉनिटर जोडायलाच सांगेन.

तिसरा पर्याय खुर्ची. चांगली म्हणावी अशी सात-आठ हजारांच्या पुढे सुरू होते, आणि ही ऑनलाईन फोटो बघून घेऊ नका, दुकानात जाऊन चांगली पंधरा मिनिटं बसून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. पाठ टेकवून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्यामागचा भाग यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, कमरेच्या खळगीला आधार लागला पाहिजे, आणि हात ठेवायचे दांडे टेबलाखाली जातायत का हे घरून टेबलाची उंची मोजून नेऊन बघा, नाहीतर दांडे टेबलाला अडतात आणि तुम्ही टेबलापासून लांब बसता.

टेबलाचा मुद्दा यात सगळ्यात दुर्लक्षित. डायनिंग टेबल साधारण तीस इंच उंच असतं, पाच फूट-सव्वापाच फूट उंचीच्या बाईला ते उंचच पडतं. माझ्या बहिणीचं सिडकोतल्या घरी नेमकं हेच झालं, हात बरोबर यावेत म्हणून खुर्ची वर केली तर पाय लोंबकळायला लागले आणि मांडीखाली कड रुतून पायाला मुंग्या. शेवटी पायाखाली जेवणाचा पाट ठेवला आणि प्रश्न सुटला, फूटरेस्ट विकत घेतलाच नाही. साध्या लाकडी खुर्चीवरही कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आणि पायाखाली पाट एवढं केलं की रोज दोन-तीन तास काम करणाऱ्याला नवीन खुर्चीची गरज पडत नाही.

स्टँडिंग डेस्कला माझी पसंती नाही, निदान सुरुवातीला तरी. दिवसभर उभं राहिल्याने पाय आणि कंबर वेगळ्या दुखतात, फायदा आहे तो बसणं-उभं राहणं बदलत राहण्यात, आणि ते फोन आला की उठून गॅलरीत फिरण्यानेही होतं. ब्लू लाईटच्या, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या, चष्म्यावरही खर्च नको, वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात अशा चष्म्याने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायचं, पाथर्डी फाट्याकडे राहणाऱ्यांना तर समोर पांडवलेणीचा डोंगर आहे, अजून काय पाहिजे.

यातलं काहीही घ्यायच्या आधी एक काम मात्र करा, सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या नाशिकमधले वाडे किंवा जुन्या बिल्डिंगा असतील तर नक्कीच. फरशीवर अनवाणी असताना लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, हे बऱ्याच जणांनी अनुभवलंय. चार्जर दोन पिनांचा असेल तर अर्थिंग चांगलं असूनही तसं थोडं होऊ शकतं, पण तीन पिनांचा असूनही झिणझिण्या येत असतील तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही असंच समजा आणि वायरमनला बोलवा, आणि त्याच फेरीत घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) आहे का तेही बघायला सांगा. त्याचे पैसे खुर्चीच्या बजेटमधून काढा. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका, आणि ज्या बोर्डावर कॉम्प्युटर आहे त्यावर थंडीत हीटर अजिबात नको, सहा अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम १३०० वॉटच्या आसपास घ्यायचे असतात आणि बहुतेक हीटर त्याच्या वरचे. लॅपटॉप रजईवर ठेवून चार्ज करू नका. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता जास्त, लगेच बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, दुकानात न्या.

आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट इथे मुंग्या येत असतील, रात्री त्याने जाग येत असेल, हातातून वस्तू सुटत असतील तर स्टँड-खुर्चीचा विचार बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा, मनगटातली नस दबल्याची ती लक्षणं असू शकतात आणि लवकर गेलं तर बऱ्याचदा रात्री पट्टा लावून आणि कामाची पद्धत बदलून भागतं.